सतरा नंबरला दहापैकी दहा

परवा प्रॅक्टिकल संपल्यावर एसवायचा, म्हणजे दुसऱ्या वर्षाचा, एक मुलगा टेबलापाशी घुटमळत उभा, बाकीची बॅच गेली तरी हा हलेना, शेवटी म्हणाला, "मॅडम, मला लिंक्ड लिस्टला दहापैकी दहा दाखवतायत." (लिंक्ड लिस्ट म्हणजे एकाला पुढचा असे साखळीत जोडलेले आकडे, त्याचा सीमधला प्रोग्रॅम लिहायचा होता.) म्हटलं मग पेढे आण की. तर म्हणतो, "नाही मॅडम, माझा प्रोग्रॅम कंपाइलच होत नाही, घाईत अर्धवट फाइल अपलोड झाली."

मार्क जास्त पडले म्हणून तक्रार घेऊन आलेलं पोर मी पहिल्यांदाच बघितलं. आणि खरं सांगते, आधी मला वाटलं हाच काहीतरी गोंधळतोय, कारण तपासणारी स्क्रिप्ट माझी स्वतःची होती ना!

रात्री जेवणं उरकून लॅपटॉप उघडला. साठेक ओळींची बॅश स्क्रिप्ट, म्हणजे लिनक्सच्या शेलला ओळीने द्यायच्या कमांड: 68 पोरांच्या वर्गाचे प्रोग्रॅम एकेक करून जीसीसीने कंपाइल करायचे, म्हणजे मशीनला चालवता येतील असे करायचे, दोन टेस्ट चालवायच्या, अपेक्षित आउटपुटशी डिफ मारून फरक बघायचा, मार्क सीएसव्हीत, म्हणजे साध्या तक्त्याच्या फाइलीत, टाकायचे, बस. बॅश -एक्स लावून फक्त 16 आणि 17 नंबर चालवले, त्याने काय होतं की शेल प्रत्येक कमांड चालवायच्या आधी ती प्लसचं चिन्ह लावून छापतो. आणि दिसलं की 17 ला जीसीसी सेमीकोलन कुठाय म्हणून बोंबलतोय आणि त्याच्या खाली माझी स्क्रिप्ट निवांत ए डॉट आउट, म्हणजे जीसीसी तयार प्रोग्रॅम ज्या नावाने ठेवतो ती फाइल, चालवतेय. कुणाचं? 16 नंबरचं! आधीच्या पोराचं तयार एक्झिक्युटेबल तिथंच पडून होतं.

बरं, कंपाइल झालं की नाही हे मी तपासत नव्हते असं नाही हं, डॉलर प्रश्नचिन्ह, म्हणजे आधीची कमांड नीट झाली का ते सांगणारा आकडा, बघत होते की. पण एरर स्क्रीनवर पण दिसाव्यात आणि लॉगमध्ये पण जाव्यात म्हणून जीसीसीचं आउटपुट पाइपने (एका कमांडचं आउटपुट दुसरीला जोडणारी नळी) टी कमांडला दिलेलं, आणि पाइप असली की डॉलर प्रश्नचिन्हात शेवटच्या कमांडचा निकाल येतो. म्हणजे मी दरवेळी टीला विचारत होते, बाई तुझं बरं चाललंय ना, आणि टीचं काय, कायम बरंच चाललेलं असतं. पाइपफेल ऑन केलं, म्हणजे पाइपमधली कुठलीही कमांड फसली तरी कळतं, शिवाय प्रत्येक पोराच्या आधी जुनं ए डॉट आउट उडवायची ओळ टाकली. 17 ला शून्य आला. इथं लॅपटॉप मिटून झोपायचं होतं.

पण नाही! ज्यांनी सबमिटच केलं नाही ते यादीत येत नव्हते, म्हणून फोल्डरवरून फिरणारा फॉर लूप काढला आणि हजेरीच्या सीएसव्हीतून रोल नंबर कटने काढून व्हाइल रीडला, म्हणजे एकेक ओळ वाचत फिरणाऱ्या लूपला, पाइप केले. त्याच झटक्यात तिसरी टेस्ट घातली, इनपुट रिकामं असेल तर प्रोग्रॅम काय करतो त्याची. आता रिकामं इनपुट म्हणजे काही द्यायचंच नाही, असं माझं सरळ डोकं, म्हणून नुसतंच ए डॉट आउट लिहिलं. चालवलं तर दोन सेकंदात खेळ खलास, एरर नाही काही नाही, आणि सीएसव्हीत एकच ओळ, रोल नंबर 1. बाकीचे 67 गायब.

अर्धा तास रीडच्या ओळीकडे बघत बसले. मग सहज 1 नंबरच्या तिसऱ्या टेस्टचं आउटपुट उघडलं तर त्यात छापलेलं, 2 -> 3 -> 4 -> 5 करत करत थेट 68 -> नल. अख्खा वर्ग त्या पोराच्या लिंक्ड लिस्टमध्ये रांगेत उभा! रात्री साडेबाराला एकटीच हसत बसले, नवरा उठून बघून गेला.

झालं होतं असं की लूपच्या आत चालणाऱ्या प्रोग्रॅमला तुम्ही वेगळं इनपुट दिलं नाही तर त्याला लूपचंच इनपुट मिळतं, म्हणजे रोल नंबरची पाइप, आणि त्या पोराच्या स्कॅनएफने, म्हणजे सीमधल्या इनपुट वाचणाऱ्या फंक्शनने, ती शेवटपर्यंत पिऊन टाकली. रीड परत आला तर भांडं कोरडं. खरं रिकामं इनपुट हवं तर देव नल (/dev/null, कायम रिकामी असणारी फाइल) जोडावं लागतं. एवढंसं.

मग पूर्ण 68 चालले तर चारपाच जण 'क्रॅश' म्हणून आले, सगळ्यांचा एक्झिट कोड, म्हणजे प्रोग्रॅम संपताना देतो तो आकडा (सगळं ठीक तर 0), 5. टाइमआउटने मारलं तर 124 येतो, सेगमेंटेशन फॉल्टला, म्हणजे मेमरीत नको तिथे हात घालून पडला तर, 139, हा 5 कुठला? तर पोरांना जुन्या टर्बो सी कंपाइलरची सवय, त्यातली कोनिओ ही हेडर फाइल काढली पण व्हॉइड मेन तसंच ठेवलेलं, मेन काहीच परत देत नाही, मग शेवटच्या प्रिंटएफने किती अक्षरं छापली तो आकडा प्रोसेसरच्या रजिस्टरमध्ये राहिला तोच बाहेर आला. नलची (NULL) चार आणि न्यूलाइनचं एक. त्यांचे मार्क कापले नाहीत, पण वर्गात ओरडणार आहे.

17 नंबरला दुसऱ्या दिवशी परत अपलोड करू दिलं, सात पडले. तो खूश दिसला.

गेल्या वर्षीच्या बॅचचं टर्मवर्क, म्हणजे वर्षभराच्या प्रॅक्टिकलचं काम, याच स्क्रिप्टने तपासलेलं, ते मार्क कधीच वर गेलेत. फोल्डर पेनड्राइव्हवर आहे, अजून उघडला नाहीये.