आपले फादर

मंगळवार, रात्री उशिरा

पत्र अजून टेबलावरच आहे. चार ओळींचं पत्र. टाइप करून झालंय, शिक्का मारून झालाय, फक्त सही राहिली आहे. रविवारी दुपारीच करायची होती. आज मंगळवारही संपला.

मधल्या वेळात मी काय काय केलं ते लिहून काढलं तर वाचणाऱ्याला वाटेल, माणूस कामात बुडालाय. सॅक्रिस्टीच्या, म्हणजे मिस्सेच्या तयारीच्या खोलीच्या, छताला लागलेली गळती बघितली. धर्मशिक्षणाच्या वर्गांचं वेळापत्रक तिसऱ्यांदा बदललं, म्हणजे फिरून पहिलं होतं तेच केलं. दोन आजाऱ्यांना कम्युनियन देऊन आलो. आज तर दिवसभर प्रशिक्षणालाच होतो. पण सही करायला किती वेळ लागतो हे मला ठाऊक आहे. रोज पन्नास करतो.

झालं ते इतकंच. रविवारी मिस्सा संपताना बाई सूचना वाचत होत्या. त्यांनी नेहमीच्या सुरात वाचलं, "येत्या शनिवारी लग्न लावायला आपले फादर येणार आहेत." मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभा होतो. मिस्सेचा झगा अंगावर, शेवटचा आशीर्वाद द्यायच्या तयारीत. समोरच्या बाकांवर एकदम हालचाल झाली. लोकांनी एकमेकांकडे बघितलं, मागे कोणीतरी चक्क टाळी वाजवली. नाव घ्यायची गरज बाईंनाही वाटली नाही आणि ऐकणाऱ्यांनाही नाही. आपले म्हणजे कोण ते सगळ्यांना कळलं. मलाही कळलं, हीच तर पंचाईत.

मग मी आशीर्वाद दिला. जरा घाईनेच.

पाच महिने झाले. मी अजून "नवीन फादर". फोनवर, "नवीन फादर आहेत का?" दारात, "जुने फादर असते तर विचारलंच नसतं, पण आता तुम्ही नवीन..." नवी चप्पलसुद्धा पाच महिन्यांत जुनी होते. चर्चची देखभाल करणाऱ्या काकांकडे मी हसत हसत विषय काढून बघितला. ते मेणबत्त्यांचं वितळलेलं मेण सुरीने खरवडत होते. मान वर न करता म्हणाले, "अकरा वर्षं होते ना ते, फादर. तोंडात बसलंय लोकांच्या." थोडं थांबून, माझी दया आल्यासारखं, "तुमचंही बसेल." कधी, ते मी विचारलं नाही.

आजच्या प्रशिक्षणाला आम्ही नऊ जण होतो. सगळेच पहिल्यांदा प्रमुख धर्मगुरू झालेले, सगळ्यांच्या डोळ्यांखाली सारखीच काळी वर्तुळं. निमंत्रणाच्या पत्रावर दर वेळी तेच वचन असतं, बायबलमधलं, पौलाने तीमथ्याला लिहिलेलं, की तुझ्यातलं देवाचं कृपादान प्रज्वलित कर. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ मध्ये धर्मगुरूंच्या घडणीवर लिहिताना, दीक्षेनंतरच्या अखंड प्रशिक्षणाचा भाग याच वचनावर उभा केला. वचन चांगलंच आहे. गेल्या तीन दिवसांत माझ्यात काही प्रज्वलित झालं असेल तर ते मात्र वेगळंच आहे.

सकाळी हिशेब. अर्थ समिती असायलाच हवी, ती ऐच्छिक नाही. कारभार हातात घेताना मालमत्तेची यादी करून सही करायची. (इथे सही केली होती मी, त्याच दिवशी, बाकं मोजून.) बाकीचं वहीत आहे.

चहानंतर कॅनन लॉ, म्हणजे चर्चचा कायदा. शिकवणारे फादर धर्मप्रांताच्या न्यायालयात काम करतात, आवाज अगदी सपाट. त्यांनी पडद्यावर ५१९वं कलम लावलं. प्रमुख धर्मगुरू म्हणजे कोण? तर त्याच्याकडे सोपवलेल्या धर्मग्रामाचा, म्हणजे पॅरिशचा, "पास्तोर प्रोप्रियुस". पास्तोर म्हणजे मेंढपाळ, ते सोपं. प्रोप्रियुसवर ते थांबले. म्हणाले, "म्हणजे कोणाच्या बदल्यात बसवलेला नव्हे, पाहुणा नव्हे. त्यांचा स्वतःचा. साध्या भाषेत सांगायचं तर, आपला."

मला हसू आलं. खोकल्यासारखं केलं, पण शेजारच्याला कळलंच.

१९८३च्या कायद्यात छापलंय की मी त्यांचा आपला आहे. पाच महिन्यांपूर्वी बिशपांनी तसं पत्र दिलं, चर्चमध्ये सगळ्यांसमोर वाचलं, मी विश्वासाची शपथ घेतली. रोमपासून इथपर्यंत सगळ्यांना मान्य आहे. फक्त बाकांवरच्या माणसांना कोणी कळवलं नाही.

आणि मग अर्थातच लग्नाचं कलम आलं, ११०८. त्यांनी एका दमात सांगितलं. बिशप, नाहीतर तिथला प्रमुख धर्मगुरू, नाहीतर या दोघांपैकी कोणी अधिकार दिलेला पुरोहित किंवा डिकन, आणि दोन साक्षीदार. अपवाद मोजके. एरवी हा अधिकार नसेल तर समोर उभ्या दोघांनी कितीही मनापासून होकार दिला तरी ते लग्न ग्राह्य नाही. पाहुणे आलेले धर्मगुरू कितीही ज्येष्ठ असोत, पूर्वी तिथेच प्रमुख असोत, डेलिगेशन, म्हणजे हा दिलेला अधिकार, लागणारच. हे १५६३ पासूनचं, ट्रेंटच्या धर्मपरिषदेपासून. धर्मगुरू घडवायला सेमिनऱ्या काढा हा निर्णयही त्याच परिषदेने त्याच वर्षी घेतला. त्यामुळे माझी सध्याची सगळी दुखणी एकाच सालात जन्मली असं म्हणायला हरकत नाही.

"सवय लावून घ्या," सपाट आवाजात ते म्हणाले, "डेलिगेशन मागितलं की त्याच दिवशी कागद द्यायचा. लग्नाच्या आदल्या रात्री धावपळ नको." मी वहीत उतरवून घेतलं. त्याच दिवशी, याच्याखाली रेघही मारली. आमचा अभ्यास नेहमीच चांगला.

जुन्या फादरांनी मागितलं होतं, हेही लिहून ठेवतो. फोन करून, अगदी रीतसर. "मुलीच्या आईने गळ घातलीय रे. तुला चालणार असेल तरच. डेलिगेशन पाठवशील?" मी म्हणालो, "अहो, विचारताय काय फादर, तुमचंच चर्च आहे." असं म्हणतात. म्हणायची पद्धत आहे. रविवारी बाईंनी फक्त माझंच वाक्य जरा मोठ्यांदा वाचून दाखवलं.

जेवणानंतर सिस्टरांचं सत्र होतं, ऐकण्यावर. जोड्या पाडल्या. एकाने पाच मिनिटं बोलायचं, दुसऱ्याने चूप. सल्ला नाही, मान डोलावणं नाही, "हं"सुद्धा नाही. माझ्या जोडीदाराने वडिलांच्या विसराळूपणाबद्दल बोलायला सुरुवात केली आणि मिनिटभरात मी त्याला एका डॉक्टरांचं नाव सुचवलं. सिस्टर मागून येऊन नुसत्या उभ्या राहिल्या. वडिलांचं पुढे काय, ते राहूनच गेलं. त्याला फोन करायला हवा.

मग माझी पाळी. मला वाटलं, सगळं ठीक चाललंय असं सांगून दोन मिनिटांत उरकू. पण समोरचा काहीच बोलत नसला की माणूस बोलत राहतो, हे मला आज पहिल्यांदा कळलं. (पापनिवेदनाच्या जाळीच्या अलीकडे इतकी वर्षं बसूनही.) आधी सूचनेचं सांगितलं. मग टाळीचं. मग पत्राचं. आणि मग मीच माझ्या कानांनी ऐकलं, "अकरा वर्षं होता ना तो इथे? आता आणखी काय हवंय त्याला?"

तो.

ज्यांना मी आयुष्यात कधी "फादर" सोडून हाक मारली नाही, सेमिनरीत असताना ज्यांच्यामागून मिस्सेचं पुस्तक धरून चाललो, त्यांना मी तो म्हणालो. जोडीदाराला बोलायला बंदी होती, त्याने फक्त डोळे खाली केले. घंटा वाजली. पाच मिनिटं फार लांब असतात.

सत्ताही आठवली मधेच. २०१६च्या रोमच्या दस्तऐवजात तरुण धर्मगुरूंसमोरच्या धोक्यांची यादी आहे. स्वतःचा दुबळेपणा, पवित्र गोष्टींचा नुसता कारकून होऊन बसणं, सत्तेची आणि पैशाची ओढ. मागच्या सत्रात ती वाचताना सत्तेपाशी मी मनात म्हणालो होतो, कसली सत्ता? इथलं वेळापत्रकसुद्धा माझं कोणी ऐकत नाही. आज कळलं की चार ओळींच्या कागदावर सही न करता तो तीन दिवस टेबलावर ठेवणं, हीदेखील सत्ताच की. इतकीच होती माझ्याकडे, तेवढी वापरून घेतली.

दुसरं एक आहे, ते जास्त बोचतंय. कायद्याने प्रमुख धर्मगुरूला दर रविवारी एक मिस्सा आपल्या लोकांसाठी अर्पण करावी लागते. कोणाच्या नावाने नाही, कोणी सांगितली म्हणून नाही, त्यासाठी कोणाकडून काही घ्यायचं नाही. नुसती त्यांच्यासाठी. बहुतेकांना हे माहीतही नसतं. सहायक असताना हे माझ्याकडे नव्हतं. इथे आल्यावर हे एकच काम असं मिळालं की जे अगदी माझं आहे, आणि पहिल्या रविवारी मला त्याने भरून आलं होतं. या रविवारी मी ती मिस्सा अर्पण केली, आणि तिच्याच शेवटी कोणाकोणाचा चेहरा उजळला ते मोजत उभा राहिलो.

जाऊ दे.

परत येताना गाडीत शेजारच्याने, खोकला ओळखलेल्याने, विचारलं, "तुझ्या मागच्या ठिकाणाहून बोलावणी येतात की नाही?" येतात. पुढच्या महिन्यात एक बाप्तिस्मा आहे. त्या आजीचा फोन आला होता, "तिथे नवीन फादर आलेत, चांगले आहेत, पण तुम्ही कसे, आपले." मी लगेच येतो म्हणालो. फोन ठेवल्यावर तासभर गुणगुणत होतो. हे मी त्याला सांगितलं नाही. तिथल्या फादरांना विचारायचं असतं, त्यांच्या हद्दीत त्यांच्या परवानगीशिवाय बाप्तिस्मा द्यायचा नसतो, हे मला तेव्हा सुचलंही नाही. म्हणजे आमच्या फादरांनी निदान मला विचारलं तरी. मी तेवढंही केलेलं नाही, आणि तिकडे कोणीतरी बिचारा नवीन फादर सूचना ऐकत हातभर अंतरावर उभा राहणार आहे.

आमचे आश्रयदाते संत, आर्सचे जॉन व्हियानी. १९२९ पासून जगभरातल्या प्रमुख धर्मगुरूंचे आश्रयदाते. १८१८ मध्ये त्या गावात गेले तेव्हा वस्ती अडीचशेच्या आतली, चर्चला येणारे त्याहून कमी. पुढे दूरदूरून लोक त्यांच्याकडे पापनिवेदनाला यायला लागले. ही गोष्ट प्रत्येक शिबिरात सांगतात. ते गाव सोडून अनेकदा पळून जायला निघाले होते, हे मात्र हळू आवाजात सांगतात. शेवटचा प्रयत्न १८५३ मधला, म्हणजे पस्तीस वर्षं झाल्यावर! लोकांनी अडवून परत आणलं. आज मला नेमकं तेवढंच बरं वाटलं. अर्थात मी पळालो तर मला अडवायला कोण येईल हा प्रश्न आहेच. काका येतील. चाव्या मागायला.

मघाशी खाली जाऊन बाप्तिस्म्याचं रजिस्टर काढलं. शनिवारच्या मुलीची नोंद बघायला, निमित्त तसं कामाचंच. सव्वीस वर्षांपूर्वीचं पान, कडा पिवळ्या. शाई निळी, अक्षर बारीक आणि उभं. आई, वडील, गॉडफादर, गॉडमदर, आणि शेवटी सही. ही सही ना माझी ना आमच्या फादरांची. त्यांच्याही आधीच्या कोणाची तरी. काकांना विचारलं तर नाव त्यांनाही पटकन आठवेना. "होते एक. मिस्सेला उशीर झाला की रागवायचे." एवढंच उरलंय. मार्जिनमध्ये तिरप्या काळ्या अक्षरात दृढीकरणाची नोंद, ती आमच्या फादरांची. त्याखाली बोटभर जागा मोकळी आहे.

लग्नाची नोंद तिथे करायची असते. आणि लग्नाचं रजिस्टर वेगळं, तेही मीच लिहायचं, लग्न कोणीही लावलेलं असो. तारीख, साक्षीदार, आणि लावणाऱ्याच्या रकान्यात त्यांचं पूर्ण नाव, माझ्या अक्षरात. आत्ताच पेन घेऊन कोऱ्या कागदावर त्यांचं नाव दोनदा लिहून बघितलं. माझं अक्षर वाईट आहे, सेमिनरीपासून सगळे सांगतात. रकान्यात मावेल असं लिहावं लागेल.

मग वर आलो. उद्या सकाळी आधी आजीच्या चर्चच्या फादरांना फोन. काय बोलायचं ते ठरवलं नाही अजून.

पत्र पुन्हा एकदा वाचलं. या धर्मग्रामाचा प्रमुख धर्मगुरू या नात्याने अमुक यांच्या शनिवारच्या विवाहासाठी आपणास अधिकार देत आहे, वगैरे. खाली ऑफिसमधल्या मुलीने नेहमीचा मजकूर आपोआप टाकलाय, उजवीकडे, स्वल्पविराम देऊन, "आपला," आणि त्याखाली सहीपुरती जागा.

तीन दिवसांत हे दिसलं कसं नाही कोण जाणे. सही केली. पाकीट सकाळी काकांकडे देतो.