कॅफेत जाणं न सोडता कॉफीतल्या कॅलरी कमी केल्या, माझा अनुभव

आमच्या ऑफिसच्या खालीच कॅफे आहे, पुण्यात बाणेरला, आणि दुपारी साडेतीनला टीम खाली उतरली की मी पण उतरणार हे ठरलेलंच. त्यामुळे "कॅफेच बंद कर" हा सल्ला माझ्यासाठी पहिल्यापासूनच बाद होता. भात कमी केला, रात्रीचं जेवण आठच्या आत, चालणं सुरू, तरी वजनाचा काटा ढिम्म. शेवटी डाएटिशियन म्हणाल्या, खाण्याचं कळलं, आता दिवसभर पिता काय ते सांगा. मी सांगितलं, रोज एक कोल्ड कॉफी, मोठी, वर आईस्क्रीम. त्या नुसत्या हसल्या.

आता हे शोधणं तसं अवघड नाहीये. दहा किंवा जास्त शाखा असलेल्या चेनना मेन्यूवर कॅलरी छापाव्या लागतात, एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेचा, नियमच आहे २०२२ पासून, पण ते आकडे इतके बारीक असतात की मुद्दाम बघितल्याशिवाय दिसत नाहीत. आणि एकट्यादुकट्या कॅफेत ते पण नसतं, म्हणून मी स्वतःच हिशोब मांडला. काळी कॉफी म्हणजे जेमतेम पाच कॅलरी, कपभर असली तरी. म्हणजे कॉफी बिचारी निर्दोष. फुल क्रीम दूध २०० मिली म्हणजे पावणेदोनशेच्या आसपास, साखर पाच-सहा चमचे धरली तरी शंभर, आईस्क्रीमचा स्कूप सव्वाशे-दीडशे, वर चॉकलेट सॉस ओतला की अजून पन्नास. साडेचारशेच्या पुढे गेलं की हो! चार साध्या पोळ्या मी रोज स्ट्रॉने ओढत होते.

पहिला प्रयत्न म्हणजे काउंटरवर जाऊन "फ्रॅपे विदाऊट शुगर द्या". तिथला मुलगा फार चांगला आहे, त्याने सरळ सांगितलं, ताई, याच्या बेसमध्येच साखर असते, मी वरची काढली तरी आतली कशी काढू? हे खरंच माहिती नव्हतं मला. तर असे जे ब्लेंड करून देतात ना, फ्रॅपे वगैरे, त्यांचा बेस, म्हणजे आतलं मूळ मिश्रण, बऱ्याच ठिकाणी तयार गोडच येतो, त्यात बदल करायला फारसा वावच नसतो, ते सरळ सोडायचे. लाटे, कॅपुचिनो, आईस्ड लाटे हे दूध-कॉफीचे प्रकार तुमच्यासमोर बनतात, इथे सांगून बदलता येतं.

मग सिरप. हेझलनट लाटे मागवली की त्या बाटलीचा पंप फच फच दाबतात ते एकदा नीट बघा. एका पंपाला साधारण वीस कॅलरी, आणि मोठ्या कपाला तीन-चार पंप सहज जातात. मी "एकच पंप" म्हणायला लागले. पहिले काही दिवस फिकं फिकं वाटलं, म्हणजे काहीतरी राहिलंय असं, पण जीभ सवयीची गुलाम असते, हळूहळू एक पंप पण पुरायला लागला आणि आता तर पूर्ण सिरप घातलेली कॉफी घशाखाली उतरत नाही.

दुधाच्या बाबतीत लोक उगाच फार डोकं लावतात असं माझं मत आहे. फुल क्रीमवरून टोन्डवर आलात तर १०० मिलीमागे पंचवीस-तीस कॅलरी वाचतात, चांगलंच आहे, डबल टोन्ड अजून कमी, पण मोठा कप सोडून छोटा घेतला तर दूध, साखर सगळंच एकदम कमी होतं, आणि त्याला काही स्पेशल मागावं पण लागत नाही. ओट मिल्कचं तर विचारूच नका. माझी एक मैत्रीण डाएट म्हणून साठ-सत्तर रुपये जास्त देऊन ते घालून घेते, पण ओट मिल्क बनवताना ओट्समधल्या स्टार्चची साखरच होते आणि बऱ्याचदा वरून तेल पण असतं, त्यामुळे कॅलरी टोन्ड दुधाच्या जवळपासच. दूध पचत नसेल तर जरूर घ्या, कॅलरीसाठी नको. ब्राऊन शुगरचं पाकीट पण तसंच, रंग वेगळा, कॅलरी त्याच.

सगळ्यात उपयोग झाला तो गरमवर आल्याचा. थंड पदार्थाचा गोडवा जिभेला कमी लागतो, म्हणून कोल्ड कॉफीत साखर जास्त ढकलावी लागते. तेच गरम दुधाची कॅपुचिनो बिनसाखरेची पण बरी लागते, वर दालचिनी भुरभुरायची. शिवाय फेस जास्त असल्याने त्याच कपात लाटेपेक्षा दूध कमी जातं. काळ्या अमेरिकानोचा, म्हणजे नुसत्या पाण्यातल्या बिनदुधाच्या कॉफीचा, पण प्रयोग करून बघितला. कडू जहर! नंतर कळलं की डार्क रोस्ट होतं, म्हणजे बिया जास्त भाजलेल्या, चिकमगळूरची कमी भाजलेली लाईट रोस्ट अरेबिका प्यायले तेव्हा कुठे काळी कॉफी चांगली पण असू शकते हे पटलं, पण ती आमच्या खालच्या कॅफेत मिळत नाही.

तर सध्या छोटी कॅपुचिनो, टोन्ड दूध, साखर नाही, सिरप नाही, शंभरच्या आत बसते. काटा हललाय, पण ते चालण्यामुळे पण असेल, सगळं श्रेय कॉफीला देणार नाही. ऑफिसात "आली बघा डाएटवाली" हे ऐकावं लागतं, ऐकते.

पावसाळ्यातल्या हॉट चॉकलेटचं मात्र काही जमलेलं नाहीये. छोटा कप, क्रीम नको असं अगदी ठामपणे सांगते आणि मग नवऱ्याच्या कपावरचं क्रीम चमच्याने काढून खाते.