ब्रोकन हिलच्या रानात मेंढ्यांमागे एक वर्ष

मी माण तालुक्यातला, मेंढरांमागे वाढलेला. दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणाकडे उतरायचं आणि पावसाच्या तोंडाला माघारी फिरायचं, असं आमचं वर्ष. 2024 मध्ये भारतीयांसाठी ऑस्ट्रेलियाचा वर्क अँड हॉलिडे व्हिसा सुरू झाला. वर्षाला 1000 जागा, त्याही सोडतीने. माझा नंबर लागला तेव्हाच ठरवलं होतं, सिडनी-मेलबर्नची हॉटेलं नकोत, मेंढ्यांचं स्टेशनच, म्हणजे हजारो हेक्टर रानाचं मेंढीफार्मच हवं. न्यू साउथ वेल्सच्या पश्चिम टोकाला, ब्रोकन हिलपासून काही तासांवर तसं काम मिळालं.

तिथे वर्षाला जेमतेम 250 मिलिमीटर पाऊस, आणि तो कुठल्या महिन्यात येईल याचा नेम नाही. त्यामुळे वर्ष बेततात ते शिअरिंगच्या, म्हणजे लोकर कातरण्याच्या तारखेवर. कातरणाऱ्यांची टोळी ठेकेदाराकडे खूप आधी बुक करावी लागते. आमची तारीख मार्चची होती. मेंढ्यांत मेंढे (नर) कधी सोडायचे, कोकरं कधी पडणार, शेपट्या कधी कापायच्या, सगळा हिशोब तिथून.

मी पोचलो जानेवारीत. पारा 45 कडे झुकलेला आणि काम एकच, पाणी. सकाळी यूट, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली गाडी काढायची आणि एकेक हौद बघत फिरायचं. सॉल्टबुश नावाच्या झुडपाचा खारट पाला खाणारी मेंढी उन्हाळ्यात दिवसाला 10 लिटरपर्यंत पाणी पिते. कांगारूने बॉलकॉक मोडला किंवा पाइप फुटला की टाकी रिकामी, आणि अशा उन्हात कोरड्या हौदावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मेंढ्या मरायला लागतात. मातीची तळी आटत आली की वेगळंच संकट. पाण्यासाठी गाळात शिरलेली मेंढी रुतते. तिला पोटाखाली हात घालून ओढून काढायचं, उभी राहीपर्यंत धरायचं. स्टेशनवरचं सगळ्यात मोलाचं काम मला हेच वाटतं, फोटोत मात्र ते कधी दिसत नाही.

मग मस्टरिंग, म्हणजे रानभर पांगलेल्या मेंढ्या गोळा करून शेडकडे आणणं. एकेक पॅडक, म्हणजे कुंपण घातलेलं रान, हजारो हेक्टरचं. मोटरसायकली, केल्पी जातीची राखणीची कुत्री आणि वरून रेडिओवर दिशा सांगणारं छोटं विमान. आदल्या रात्री मेंढ्या उपाशी ठेवतात, कारण भरल्या पोटाची मेंढी उलटी धरली की तिला त्रास होतो. लोकर ओली वाटली तर कातरणारे आपसात मतदान घेतात. कौल ‘ओली’ असा आला की काम बंद, मालकाचंही काही चालत नाही.

कातरणीच्या शेडमध्ये दिवस दोन-दोन तासांच्या चार पाळ्यांचा, साडेसातला सुरू. मी राउजअबाउट, म्हणजे झाडायचं, उचलायचं, धावायचं. अंगावरून सबंध उतरलेली लोकर कवेत घेऊन चादरीसारखी टेबलावर फेकायची. ती एका झटक्यात पसरली पाहिजे. मग कडेचा घामट, काटेरी भाग हाताने तोडायचा. क्लासर, म्हणजे लोकरीची प्रत ठरवणारा, एक बट उपसून दोन्ही टोकांना ताणतो आणि कानाशी धरून टिचकी मारतो. तुटली तर ती लोकर वेगळ्या गठ्ठ्यात. तुटलेल्या जागेवरून मेंढी वर्षात कधी उपाशी राहिली तेही कळतं. तिथल्या मेरिनो जातीच्या एका मेंढीची चार-पाच किलो लोकर निघते, आमच्या दख्खनीची वर्षाची किलोभरही भरत नाही आणि तिला आता गिऱ्हाईकही नाही. घोंगडी विणणारे हात कमी झाले, हे तिथे उभं राहून फार लागलं.

मार्चअखेर मेंढे सोडले. जुलैत सोनोग्राफीने गाभण मेंढ्या निवडल्या. जुळी असणाऱ्यांना चांगला चारा, रिकाम्या वेगळ्या. त्याच वेळी क्रचिंग, म्हणजे शेपटीभोवतीची लोकर काढणं. ऑगस्टअखेर त्या व्यायला लागल्या की जवळ जायचं नाही. माणूस, कुत्रा दिसला की कळप पळतो आणि कोकरू आईपासून तुटतं.

ऑक्टोबरात मार्किंग. लस, खच्ची करणं, शेपटी तिसऱ्या सांध्याखाली कापणं, वेदनाशामक औषध, आणि 2025 पासून जन्मलेल्या कोकरांना सक्तीचा इलेक्ट्रॉनिक टॅग. शेपटी कापताना मला जड गेलं. पण पावसानंतर हिरवी माशी बसून किडे पडलेली, अंग पोखरलेली मेंढी पाहिल्यावर कारण पटलं. डिसेंबरात दूध तोडलं. कोकरांसोबत काही म्हाताऱ्या मेंढ्या ठेवल्या, हौद कुठे आहे हे त्यांच्यामागे जाऊन कळतं.

आपल्याकडचं कुणी जाणार असेल तर स्टेशनवाल्याला आधी शिअरिंगचा महिना विचारा आणि त्याच्या दीड-दोन महिने आधी पोचा. प्रत्येक स्टेशनचा महिना वेगळा असतो. कोकरं पडण्याच्या काळात गेलात तर तुम्हाला कळपाजवळही जाऊ देणार नाहीत, फक्त कुंपणाच्या तारा ओढाव्या लागतील.