आईला घेऊन नाथुला : गंगटोकहून एका दिवसात १४ हजार फूट

आईचे थोरले मामा फौजेत होते आणि सिक्कीममधल्या भारत-चीन सीमेवरच्या नाथुला खिंडीत त्यांची पोस्टिंग होती, एवढंच आमच्या घरात माहीत. त्यामुळे सिक्कीम ठरलं तेव्हा आई म्हणाली बाकी काही दाखवू नकोस, पण तिथे ने. आईचं वय ६६, बीपीची गोळी चालू, म्हणून मला धाकधूक होतीच.

गाडी केली आणि निघालो असं तिथे चालत नाही हे आधी सांगते. परमिट लागतं, ते फक्त भारतीय नागरिकांनाच मिळतं आणि नोंदणी असलेल्या ट्रॅव्हल एजंटमार्फतच काढावं लागतं, त्यासाठी आदल्या दिवशी फोटो आणि ओळखपत्राची झेरॉक्स द्यायची. सोमवार-मंगळवार नाथुला पर्यटकांना बंद. आम्ही रविवारी गंगटोकला पोचलो, म्हणजे दोन दिवस नुसतेच गेले म्हणून मी चिडले होते, पण खरं सांगते त्या दोन दिवसांनीच आम्हाला वाचवलं. गंगटोक साधारण ५,४०० फुटांवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखराएवढं, आणि नाथुला १४,१४० फूट. हे अंतर गाडी तीनेक तासांत चढते, शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. दोन दिवस आम्ही एमजी मार्गावर, म्हणजे गंगटोकच्या मुख्य बाजाररस्त्यावर, सावकाश फिरलो, भरपूर पाणी प्यायलो आणि आईच्या डॉक्टरांना फोन करून गोळ्यांचं विचारून घेतलं.

मंगळवारी संध्याकाळी एजंटने कागद दिला तो मी तिथेच उभं राहून वाचला, तर त्यात फक्त वाटेवरचा छांगू तलाव आणि बाबा मंदिर, म्हणजे हरभजन सिंग या जवानाचं मंदिर! नाथुलाचं परमिट वेगळं असतं, पैसे मात्र त्याने तिन्हीचे घेतलेले. मी जागची हलले नाही. रात्री नऊला दुसरा कागद हातात आला. तेव्हा कागद स्वतः वाचा, पैसे देण्याआधीच वाचा.

बुधवारी सकाळी वज्र टॅक्सी स्टँडवरून शेअर सुमो निघाली. आमचा ड्रायव्हरच गाइड, तिशीतला नेपाळी मुलगा, आईला पहिल्यापासून 'आमा' (नेपाळीत आई) म्हणायचा. छांगूला (१२,३०० फुटांच्या आसपास) गाडी थांबली. एप्रिल होता तरी तलावाच्या कडेने बर्फ, सजवलेले याक, भाड्याने गमबूट देणारी दुकानं, आणि गाडीतले सगळे धावत सुटले. ड्रायव्हर आईला म्हणाला, आमा, धावायचं नाही, जेवण भरपेट नाही, गाडीत झोपायचं नाही. झोपलं की श्वास उथळ होतो म्हणे. चहा आणि दोन बिस्किटं एवढंच आईने घेतलं.

नाथुलाला गाडीतून उतरल्यावर पहिल्या दहा पावलांतच कळलं. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ६० टक्के, त्यामुळे छाती भरून श्वास घेतला तरी पुरत नाही, डोक्याच्या मागे ठणका. वर सीमेपर्यंत पायऱ्या आहेत. आम्ही पाच पायऱ्या चढायचो, थांबायचो, परत पाच. अर्ध्यावर आईचे ओठ मला निळसर वाटले आणि मी घाबरलेच, तेवढ्यात एका जवानाने तिला कठड्याला टेकून बसवलं आणि म्हणाला, माताजी यहीं से देखिए. मी पण खाली जायला निघाले तर आई म्हणाली, मी बसते, तू वर जाऊन ये.

गेले. पण दहा मिनिटांत परत आले, कारण जीव तिच्यात अडकलेला. १९६७ च्या सप्टेंबरमध्ये इथेच तारेचं कुंपण घालण्यावरून भारत आणि चीनच्या सैन्यात लढाई पेटली होती, आणि आज त्या कुंपणापलीकडे काही फुटांवर चिनी सैनिक उभा दिसतो.

खाली बाबा हरभजन सिंग मंदिराजवळ उतरलो तेव्हा आईचा चेहरा परत नेहमीसारखा झाला, छांगूच्या खाली आल्यावर माझं डोकं दुखायचंही थांबलं. वर फोटो काढायला बंदी आहे, त्यामुळे दाखवायला माझ्याकडे काहीच नव्हतं, मग गंगटोक येईपर्यंत ती विचारत राहिली, कुंपण केवढं उंच, वारा किती, आपली पोरं कशी उभी होती, मामा कुठे उभा राहत असेल, आणि मी सांगत राहिले.