चार्नवुडची कुरणं: गडगे, कुंपणं आणि ब्रॅकनचं रान

लेस्टर आणि लफबरो यांच्या मधल्या चार्नवुडच्या टेकड्या फार उंच नाहीत. बीकन हिलचा माथा जेमतेम २४८ मीटरचा. खडक मात्र इंग्लंडमधल्या सर्वांत जुन्यांपैकी, सुमारे ५६ कोटी वर्षांपूर्वीचा. त्यावरची माती पातळ आणि आम्लधर्मी असल्यानं इथे नांगर फारसा चालला नाही, गुरं-मेंढ्याच चरल्या. १९६८च्या कंट्रीसाइड कायद्यानं स्थानिक परिषदांना अशा जागी ‘कंट्री पार्क’, म्हणजे लोकांना फिरायला खुली मोकळी रानं, काढता येऊ लागलं. शेजारचं ब्रॅडगेट पार्क त्याच्या कितीतरी आधीचं: १९२८ साली चार्ल्स बेनियन यांनी ते विकत घेऊन लेस्टरशायरच्या लोकांना दिलं.

बहुतेक लोक माथ्यावरच्या देखाव्यासाठी येतात. मी कडेकडेनं चाललो. अशा जागी कोणती फुलं, कोणते पक्षी टिकणार हे जनावराचं तोंड कुठे आणि कोणत्या महिन्यात पोचतं यावर ठरतं, आणि तो हिशेब कुंपणाशी सुरू होतो.

ब्रॅडगेटच्या कडेचे गडगे चुना-सिमेंटाशिवाय रचलेले. आत लाल हरणं आणि फॅलो हरणं आहेत. अशा गडग्याच्या दोन बाजू म्हणजे दोन वेगळ्या भिंती: पायाशी रुंद, वर निमुळत्या, मधे लहान दगडांची भर. सुमारे १.४ मीटर उंचीला पायथ्याशी ७० सेंमी आणि माथ्याशी ४० सेंमी रुंदी धरतात. प्रत्येक दगड खालच्या दोन दगडांच्या सांध्यावर बसतो आणि त्याची लांब बाजू भिंतीच्या आत जाते. मध्यउंचीवर दर मीटरला एक आरपार दगड दोन्ही बाजू बांधून ठेवतो. एक मीटर लांबीला दीड ते दोन टन दगड खपतो आणि मुरलेला गवंडीही दिवसाला तीनेक मीटरच्या पुढे जात नाही.

गडगा अचानक पडत नाही, आधी त्याला पोट सुटतं. भर हातानं एकेक दगड बसवून न घालता फावड्यानं ओतली, की ती खाली दबते आणि पाचरीसारखी दोन्ही बाजू फाकवते. दर्शनी भाग मोठा दिसावा म्हणून दगड आडवे लावले, तरी तीच गत. लोक चढून माथ्याचे दगड सरकवतात तो तिसरा प्रकार. दुरुस्तीला सिमेंट वापरणं सर्वांत वाईट: पाणी आत अडतं, गोठताना फुगतं आणि दगड फोडतं. शिवाय फटी बुजल्या की रेन हा चिमुकला पक्षी, वीझल हा मुंगसासारखा छोटा प्राणी आणि पाणपाली यांची घरं गेली.

बीकन हिलकडे वळलं की खरी डोकेदुखी दिसते: ब्रॅकन नावाचा कंबरेएवढा वाढणारा नेचा. त्याचं बळ जमिनीखालच्या आडव्या खोडात साठवलेल्या पिष्टात असतं. पानं पूर्ण उलगडतात तेव्हा ही शिल्लक सर्वांत कमी होते, म्हणून पहिली कापणी जूनच्या मध्यावर आणि दुसरी सहा-सात आठवड्यांनी. एकदाच कापून सोडलं, की पुढच्या वर्षी तो तितकाच जोमानं उभा. सलग तीन वर्षं तरी हा क्रम मोडायचा नाही. कापणीआधी चंडोलासारख्या जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांसाठी पट्टा पायी तपासावा लागतो, त्यामुळे काही पट्टे त्या वर्षापुरते सोडावेच लागतात. खडकाळ उतारावर ट्रॅक्टर जात नाही, तिथे जड रूळ फिरवून देठ चेचतात किंवा हिवाळ्यात गुरं सोडतात. खुरांनी कोंब उघडे पडतात आणि गोठवणाऱ्या थंडीनं मरतात. पण त्यांना तिथेच गवताच्या गासड्या टाकून थांबवलं, तर शेणामुतातून जमीन सुपीक होते आणि आम्लधर्मी मातीची नाजूक वनस्पती गवताखाली दबते. उन्हाळ्यात चारा कमी पडला की भुकेलं जनावर ब्रॅकन खातं, आणि त्याचं विष अस्थिमज्जेवर जातं. म्हणून त्या भागात गुरं ठेवली, तर चांगलं गवत आणि पाणी जवळ हवं.

पानं मेल्यावर उरणारा जाड पाचोळाही ओरबाडून काढायचा असतो, नाहीतर हेदर या माळरानी झुडपाच्या बारीक बियांना मातीच मिळत नाही. आणि सगळा ब्रॅकन काढायचाच नसतो. काही ठिकाणी तो सरड्या-सापांना आडोसा देतो. तो पूर्ण साफ करू पाहणारे मला तितकेसे पटत नाहीत.

मेंढी गवत मुळाशी कातरते आणि फुलं वेचून खाते. गाय जिभेचा वेटोळा घालून गवत ओढते, त्यामुळे कुठे बुटकं, कुठे झुपकेदार गवत राहतं. झुपक्यांत व्होल उंदीर राहतात आणि त्यांच्यामागे गव्हाणी घुबड येतं. गवती कुरण वसंतापासून बंद ठेवून जुलैच्या मध्यानंतर कापतात, कापलेलं उचलतात आणि मग चराई. यलो रॅटल ही गवताच्या मुळांवर जगणारी वर्षायू वनस्पती तिथे हवी असेल, तर कापणी तिचं बी पडल्यावरच. आधी कापलं की दोन हंगामांत ती नाहीशी. तिचं नवं बी पेरायचं तर शरद ऋतूत, कारण थंडी लागल्याशिवाय ते रुजत नाही.

या भागाशी लाँगहॉर्न या लांब शिंगांच्या गुरांचं जुनं नातं आहे. लफबरोजवळच्या डिशलीचा रॉबर्ट बेकवेल (१७२५–१७९५) त्यांच्या सुधारणेसाठी प्रसिद्ध होता.

हॉथॉर्न या काटेरी झुडपाची जिवंत कुंपणं नुसती छाटत राहिलं तर खाली पोकळ होतात आणि कोकरं निसटतात. मग ती आडवी पाडतात. खोड बुंध्याशी तिरपं, तीन-चतुर्थांशाहून जास्त कापायचं, सालीसकट एक पातळ पट्टी जोडलेली ठेवायची आणि चढाच्या दिशेनं वाकवायचं. दर ४५ सेंमीला एक खुंट आणि वरून हेझल झुडपाच्या लवचिक काठ्यांची वेणी. बुंध्याचं उरलेलं टोक साफ उतरतं कापलं नाही, तर पाणी साचून कुजतं आणि नवे धुमारे खालून फुटत नाहीत. इंग्लंडमधल्या बहुतेक शेतीच्या जमिनीवर १ मार्च ते ३१ ऑगस्ट या काळात कुंपणं छाटायला बंदी आहे.

नवी कुंपणं बहुधा जाळीची: एचटी ८-८०-१५, म्हणजे जास्त ताण सोसणारी (हाय-टेन्साइल) तार, ८ आडव्या तारा, ८० सेंमी उंची, उभ्या तारांत १५ सेंमी अंतर. मेंढ्यांना ती पुरते, गुरांसाठी वर एक-दोन तारा वाढवतात. कोपऱ्याच्या डांबाला तिरका टेकू नीट नसेल, तर तार ताणताना डांबच आत झुकतो.

पायवाट जाणाऱ्या कुरणात दहा महिन्यांवरचा वळू ठेवण्यावर १९८१च्या कायद्यानं निर्बंध आहेत. दुधाळ जातीचा वळू चालतच नाही. इतर जातींचा चालतो, पण गाई किंवा कालवडी सोबत असतील तरच. कुत्र्यांची विष्ठा उचलण्याचा आग्रहही नुसता स्वच्छतेचा नाही: तिच्यातून निओस्पोरा परजीवी पसरतो आणि गाईंचे गर्भपात होतात. जंतनाशकाचा प्रश्नही असाच आहे. आयव्हरमेक्टिन दिल्यावर काही आठवडे शेणातले भुंगेरे मरतात, म्हणून सरसकट औषध न देता आधी शेण तपासून गरज असलेल्याच जनावरांना ते देतात आणि तेवढे आठवडे ती वेगळ्या वाड्यात ठेवतात.