रात्री २.४७ ची नोंद

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना, नवी पेठेत दुकान, बार्शीत गोडाऊन. तिन्हीकडून एकच टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, कारखान्यातल्या सर्व्हरवर. मालक अण्णांनी काम सांगितलं ते एवढंच, "बार्शीचं बिल लई हळू निघतंय, बघा जरा."

राउटर उघडला तर ३३८९ पोर्ट, म्हणजे रिमोट डेस्कटॉपचं दार, थेट इंटरनेटला मोकळा. आधीच्या माणसानं रिमोट डेस्कटॉप जमवून दिलं, पैसे घेतले, गेला. फसलेल्या लॉगिनच्या, म्हणजे ४६२५ च्या, नोंदी स्क्रोल करून संपेनात. पासवर्ड काय, तर कारखान्याचं नाव आणि पुढे १२३.

पोर्ट बंद करून तिन्ही जागा जोडणारा वायरगार्डचा टनेल, म्हणजे इंटरनेटमधून जाणारी बंदिस्त खाजगी वाट, टाकला. बार्शीत सिमवर चालणारा राउटर, स्वतःचा पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून गाठता येईल असा पत्ता, नाही. म्हणून कारखान्यानं ऐकत बसायचं आणि बार्शीनं दर २५ सेकंदांनी हाक मारायची, नाहीतर मधलं नॅट, म्हणजे सिम कंपनीकडची पत्ते बदलून देणारी यंत्रणा, वाट विसरतं. तिन्ही जागी आतल्या पत्त्यांची १९२.१६८.१ हीच मालिका, म्हणजे टनेलमध्ये पत्ते एकमेकांत अडकणार. दोन ठिकाणची बदलली. त्यात प्रिंटरांनी अर्धा दिवस खाल्ला.

मग गंमत. पिंग जातंय, लॉगिन होतंय, बिल उघडलं की स्क्रीन गोठतोय. तासभर फायरवॉलला शिव्या घातल्या. शेवटी टनेलबाहेरून, पॅकेट तोडायची मनाई करून, पिंगचा आकडा एकेक उतरवत आणला. १३७३ अडतो, १३७२ जातो! त्यात पिंगच्या वेष्टनाचे २८ मिळवले की वाट १४०० बाइटची, त्यातून वायरगार्डच्या वेष्टनाचे ६० वजा. टनेलचा एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार, १४२० वरून १३४० केला, तसा बार्शीचा पोरगा फोनवर ओरडला, "आलं की ओ सर!"

निघताना सहज ४६२४ चाळलं, म्हणजे यशस्वी लॉगिन. रात्री २.४७, प्रकार १० म्हणजे रिमोट डेस्कटॉपवरून, अनोळखी आयपी, अकाउंटंटच्या नावानं. १९ मिनिटांनी बाहेर. अकाउंटंट म्हणाले, "त्या वेळी मी झोपलेला असतो की."

अण्णांना दाखवलं. "काय गेलं का? नाही ना? चालू हाय की सगळं, कशाला उकरालाव?" सर्व्हर पुसून नव्याने उभा करू म्हटलं, तर दिवाळीनंतर. ऐन सीझनला मशीन बंद ठेवायला कोण तयार होणार.

पासवर्ड बदललेत. पण त्या १९ मिनिटांत तिथं काही ठेवून गेला असेल, तर त्याला पेठेपर्यंत आणि बार्शीपर्यंत पक्का रस्ता मीच बांधून दिलाय. काल रात्री घरून नियम टाकला: सर्व्हरनं आपणहून कुठंही कनेक्शन सुरू करायचं नाही. सकाळी लॉगमध्ये अडवलेले सात प्रयत्न होते. त्यातले सहा प्रिंटरकडे जाणारे.