त्या पांढऱ्या डब्यात मी काय घालते

सकाळी फिरायला येणाऱ्या मैत्रिणी विचारतात, लिफ्टमध्ये शेजारीण विचारते. परवा तर दाताच्या डॉक्टरांनी विचारलं, तेही माझं तोंड उघडं असताना. प्रश्न तोच: "ते साधं ग्रीक योगर्ट तुम्ही रोज खाता तरी कसं? आम्ही हौसेने आणलं, दोन चमचे खाल्लं, बाकीचं फ्रिजमध्ये पडून आहे."

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ग्रीक योगर्ट म्हणजे पाणी गाळून घट्ट झालेलं दही. आधी तो पडून असलेला डबा बाहेर काढा आणि त्यावरचं बारीक अक्षर वाचा. 'झीरो फॅट' लिहिलं असेल तर तुमच्या जिभेचा काही दोष नाही. दह्यातला स्निग्धांश आंबटपणाला सांभाळून घेतो. तोही काढला आणि पाणीही गाळून टाकलं, की उरतं ते खडू चघळल्यासारखं लागतं. घटकांच्या यादीत स्टार्च किंवा जिलेटिन दिसलं, तर ते नुसतं गाळून घट्ट झालेलं नाही, घट्ट केलेलं आहे. पूर्ण दुधाचं आणा, निम्मी तक्रार तिथेच मिटते.

मी स्वतः झीरो फॅटपासूनच सुरुवात केली होती. पन्नाशी उलटल्यावर आहारतज्ज्ञ बाईंनी प्रोटीन वाढवायला सांगितलं. साध्या दह्यात 100 ग्रॅमला साडेतीन-चार ग्रॅम, यात साधारण 8 ते 10, असा हिशोब त्यांनी मांडला. डबा उघडून पाहिला आणि मनात म्हटलं, हा तर आपला चक्का! मग काय, पाडव्याला त्याचंच श्रीखंड करायला घेतलं. घरच्या मापाने, जितका चक्का तितकी साखर. साखर विरघळली आणि पातेल्यात पिवळं, केशरी वासाचं, मस्त गोड ताक तयार झालं. पुऱ्या तळून झाल्या होत्या. सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त वाटीला चमचा लावायच्या ऐवजी वाटीच तोंडाला लावली.

चूक साधी होती. आपण चक्का रात्रभर टांगतो, पार कोरडा होईपर्यंत. या डब्यातलं योगर्ट त्यापेक्षा बरंच ओलं असतं. श्रीखंडच करायचं असेल तर ते फडक्यात बांधून आणखी चार-पाच तास टांगा आणि साखर अर्धीच घाला.

पण त्या दिवशी खरी गोष्ट लक्षात आली ती वेगळीच. आपण या योगर्टला श्रीखंड व्हायला लावतो आणि ते झालं नाही की नाक मुरडतो. म्हणून मध घाल, साखर घाल, जॅम घाल. इतकं गोड घातलं की आहारतज्ज्ञ बाईंनी ते कशासाठी सांगितलं होतं तेच विसरायला होतं. ग्रीक लोकही त्यावर मध आणि अक्रोड घालतात, नाही असं नाही. पण त्यांची जझिकी बघा. काकडी किसून, मीठ लावून, घट्ट पिळून घ्यायची. मग लसूण, ऑलिव्ह तेल आणि हे गाळलेलं दही. म्हणजे काकडीची कोशिंबीरच, फक्त दाण्याच्या कुटाऐवजी लसूण. शेजारच्या तुर्कस्तानात लसूण घातलेल्या दह्यावर पाण्यात शिजवलेलं अंडं ठेवतात आणि वरून लाल मिरची घातलेलं गरम लोणी ओततात. चिलबिर म्हणतात त्याला. ही तर चक्क फोडणी! हे कळल्यापासून माझ्या डब्यात साखर जात नाही, मीठ जातं.

माझी रोजची वाटी अशी. चार मोठे चमचे योगर्ट, त्यात चमचाभर पाणी किंवा दूध घालून काट्याने चांगलं फेटायचं. हे टाळू नका. डब्यातून काढलेला गोळा तसाच खाल्ला तर तो टाळूला चिकटतो, फेटल्यावर सायीसारखा होतो. मग चिमूटभर मीठ, त्याने आंबटपणाची धार बोथट होते. त्यावर चमचाभर मेतकूट आणि मधोमध खळगा करून कच्चं शेंगदाण्याचं तेल. घाण्याचं मिळालं तर उत्तमच. मेतकूट संपलं असेल तर कारळ्याची किंवा जवसाची चटणी. लसणाची सुकी चटणी भाकरीबरोबर असेल तेव्हा. रविवारी फोडणी: तूप, जिरं, हिंग, कढीपत्ता, एक सुकी मिरची. फोडणी जरा निवू द्या आणि मग ओता. कडकडीत ओतली की दही फुटतं आणि कडेने पाणी सोडतं. वांग्याचं भरीत उरलं असेल तर दुसऱ्या दिवशी या दह्यात कालवते, आणि ते आदल्या दिवशीपेक्षा चांगलं लागतं असं माझं ठाम मत आहे. घरात ते कुणाला पटत नाही.

कच्चा लसूण घालणार असाल तर तेवढ्यापुरतंच कालवा. रात्रभर ठेवलंत तर सकाळी फक्त लसूणच खाल.

गोडच हवं असणाऱ्यांसाठी थोडक्यात. स्ट्रॉबेरी चिरून वर अर्धा चमचा साखर भुरभुरवा, दहा मिनिटांत तिचा रस सुटतो, ती रसासकट घाला. पिकलेलं चिकू नुसतं कुस्करून पुरतं. हिवाळ्यात चमचाभर काकवी आणि वर जायफळ. हापूसबद्दल मी काय सांगणार?

अननस मात्र कच्चा घालू नका. मी एकदा भिशीला अननस घातलेलं योगर्ट आदल्या रात्री करून नेलं आणि सगळ्यांच्या तोंडाकडे बघत बसले. कडू, कडू! कच्च्या अननसात दुधातल्या प्रोटीनचे तुकडे करणारं एन्झाइम असतं आणि त्या तुकड्यांची चव कडवट. किवी आणि पपईचंही तसंच. अननस आधी पाच-सात मिनिटं चांगला शिजवून, गार करून घातला की ही भानगड होत नाही. किवी-पपई घातलीत तर लगेच खा.

राहता राहिलं ते डब्यात वर साचणारं पिवळसर पाणी. बऱ्याच जणी दही खराब झालं समजून ते सिंकमध्ये ओततात. ते चक्क्याचं पाणीच आहे, ढवळून घ्या. आणि घरी फडक्यात टांगलंत तर खाली वाटीभर जमतं, त्यात थालीपिठाची भाजणी भिजवा. मीठ मात्र बेताने.